पालकांनी सोबत बसावे

बडोद्यात सूरसागर तलावाच्या काठी संगीताचं जे कॉलेज आहे, त्याचा जन्म फेब्रुवारी १८८६ चा. तेव्हा त्याला गायनशाळा म्हणत. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी ती काढली आणि उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती दिली. मौलाबक्ष मूळचे उत्तरेकडचे, १८३३ साली जन्मलेले. म्हैसूर दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला होता आणि हिंदुस्थानीबरोबर कर्नाटकी गाणंही त्यांनी आत्मसात केलं होतं. त्यांच्या शिकण्याची एक आख्यायिका आहे. घसीटखाँ नावाचे बुजुर्ग गवई कुणाला शिकवत नसत, म्हणून तरुण मौलाबक्ष रात्री त्यांच्या घराबाहेर लपून बसत, आतला रियाज ऐकत आणि घरी येऊन घोटत. आख्यायिकाच ती, पण त्या काळी गाणं मिळवणं म्हणजे काय होतं ते तिच्यातून नीट कळतं. दार बंद, आणि शिकणारा बाहेर अंधारात.

अशा माणसाने पुढे दार उघडं ठेवणारी शाळा चालवावी याचं मला फार कौतुक वाटतं. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीत छापलेली पुस्तकं. गंडा बांधणं नाही, की वर्षानुवर्षं उस्तादाच्या घरची पडेल ती कामं करणं नाही. बडोदे दरबारात तेव्हा ‘कलावंत कारखाना’ नावाचं चक्क एक खातं होतं. गाणारे-वाजवणारे त्या खात्याचे नोकर. कारखान्यातलं गाणं महाराजांसाठी होतं, गायनशाळेतलं रयतेच्या पोरांसाठी. मुलींच्या शाळांतूनही गाणं शिकवायला सुरुवात झाली. पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णू दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१६ साली भातखंड्यांनी बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पलुसकर गेले त्या १९३१ सालीच त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हे शब्द आपल्या घराघरांत पोचले ते त्या वाटेने.

पण शाळा आली की उंबरठाही येतो. पोराला सोडायचं आणि निघायचं, किंवा बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. निपाणीला मी पेटी शिकायला जायची तेव्हा माझी आई अशीच बाहेर बसायची, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. आत सा रे ग म, बाहेर शेंगा फोडल्याचा टक टक आवाज. एकदा मास्तर तिला हसत म्हणाले, ‘वहिनी, तुमचा ताल आमच्यापेक्षा पक्का आहे.’ आत या, असं मात्र म्हणाले नाहीत. तशी रीतच नव्हती.

आता मी माझ्या लेकीला घेऊन दर शनिवारी सकाळी ज्या वर्गाला जाते, तिथे दारावर कागद लावलाय. गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत. पालकांनी सोबत बसावे, फोन बाहेर ठेवावा. मराठीत नाही, पण ते बडोद्यात आता नवल राहिलेलं नाही.

लेक सव्वादोन वर्षांची आहे. तिच्यापाशी नेमके अकरा शब्द आहेत. मी मोजलेत, कारण डॉक्टरांनी मोजायला सांगितले. कान उत्तम आहेत, समजतं सगळं, सांगितलं की चप्पल आणून देते. ‘घरात भाषा किती?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा हे गप्प आणि मीही गप्प. आमची मराठी, तीही निपाणीची, म्हणजे मधूनमधून कानडी. सांभाळायला येणाऱ्या बाईंची गुजराती, शेजारची हिंदी, कार्टूनमधली इंग्रजी. भाषा जास्त म्हणून मूल उशिरा बोलतं असं काही सिद्ध नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. तरी सगळ्यांशी जास्त बोला, गा, एवढं म्हणाले. त्या ‘गा’ पायी मी या वर्गात आले आणि इथे विद्यार्थिनी कोण, लेक की मी, असा प्रश्न मला पहिल्याच शनिवारी पडला.

वर्ग असा. सतरंजीवर गोल करून आठ-नऊ मुलं, दीड ते तीन वर्षांची, आणि प्रत्येकामागे आई, बाबा किंवा आजी. शिकवणाऱ्या बेन प्रत्येक मुलाचं नाव घेऊन एक स्वागताचं गाणं म्हणतात. मग कुळीथ भरलेल्या डब्या खुळखुळवायच्या, ओढणी वर उडवायची, मांडीवर घोडा करायचा, शेवटी दिवे मंद करून झोपेचं गाणं. पंचेचाळीस मिनिटं. मुलाने काहीही केलं नाही तरी चालतं. आमची पहिले तीन आठवडे माझ्या पदरात तोंड खुपसून होती. बेन तिच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. ‘बेन, मोटेथी गाओ ने,’ एवढंच. मोठ्याने गा.

चार माणसांत मोठ्याने गाणं हे माझ्या वयाच्या बाईला किती अवघड जातं म्हणून सांगू! बाबालोक तर नुसते ओठ हलवतात.

ही कल्पना कुठून आली याचा मी थोडा माग काढला. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल नावाचे शिक्षक होते, बालवाडी ज्यांच्यामुळे जगभर गेली ते. १८४४ साली त्यांनी एक पुस्तक काढलं, आई आणि तान्ह्या बाळाच्या गाण्यांचं. चित्रं, सुरावटी, बोटांचे खेळ. ते पुस्तक मुलांसाठी नव्हतंच, आयांसाठी होतं. बाळाच्या पायाशी खेळताना, बोटं मोजताना आईने काय म्हणावं आणि त्यातून बाळाला जग कसं कळतं, हे त्यात आहे. आपल्याकडे हे छापायची गरज कुणाला वाटली नव्हती. तळहातावर मोराला दाणे टिपायला बोलावणारं, चांदोबाला झाडामागे लपवणारं, न्हाऊ घालून तीट लावताना म्हणायचं, ही गाणी आजीकडून आईकडे आपोआप जात होती. फ्रोबेलना ते लिहावंसं वाटलं, याचा अर्थ त्यांच्या मुलखात ते आपोआप जायचं थांबत चाललं असावं, असा माझा अंदाज.

फ्रोबेलची पद्धत मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. १८८६ मध्येच, म्हणजे इकडे गायनशाळा सुरू झाली त्याच वर्षी, त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचल्या. तिथे त्यांनी किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १८८९ साली शारदा सदन काढलं. मग ताराबाई मोडक. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मराठी बाई आणि गुजराती गृहस्थ, गाणी, गरबे, गोष्टी, सगळं दोन्ही भाषांत. आमच्यासारख्या बडोद्यात राहणाऱ्यांना ही जोडी विशेष जवळची वाटावी. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची म्हणून अंगणवाडी निघाली. अंगणात शाळा गेली की आपोआप आई, आजी, कडेवर भावंड घेतलेली बहीण सगळीच भोवती येतात. कागद लावावा लागत नाही.

मोठ्यांना वर्गात मुद्दाम बसवण्याचं काम मात्र दुसरीकडे झालं. जपानात शिनिची सुझुकी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो गावी लहान मुलांना व्हायोलिन शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांचा नियम होता की आधी आईने एक सूर-रचना वाजवायला शिकायची. मूल बघतं, हेवा करतं, मग त्याला वाद्य मिळतं. हंगेरीत झोल्तान कोदाय हे मोठे संगीतकार, तरुणपणी खेडोपाडी फिरून त्यांनी लोकगीतं गोळा केलेली. संगीत कधीपासून शिकवावं असं विचारल्यावर ते आधी म्हणत, मूल जन्मण्याच्या नऊ महिने आधी. पुढे त्यांनी उत्तर बदललं: मुलाची आई जन्मण्याच्या नऊ महिने आधी. हे वाचलं आणि मला शेंगांचं सूप आठवलं. अमेरिकेत १९८७ साली न्यू जर्सीमधल्या प्रिन्स्टनला असा एक कार्यक्रम सुरू झाला, मिश्र वयाची मुलं, सोबत पालक, मुलाकडून कसलीही अपेक्षा नाही. आमच्या बेनचा वर्ग त्याच वळणाचा आहे. अशा वर्गांचं जाळं आता जगभर आहे, आणि फी, सांगायला हवंच, सगळ्यांना झेपेल अशी नसते.

या साऱ्यात बडोद्याचा एक धागा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, जन्म १८८२, याच गायनशाळेत वाढले. १९१० साली ते वीणा घेऊन पश्चिमेकडे गेले आणि पुढे सूफी गुरू म्हणून युरोप-अमेरिकेत प्रसिद्ध झाले. तिथे त्यांनी शिक्षणावर दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक आहे. ते शिक्षण पाटीपासून सुरू होत नाही, जन्माआधीपासून होतं; तान्ह्या बाळाची लय आणि आईची लय यावर त्यांचा भर. आजोबांनी गाणं घरातून शाळेत नेलं, नातू सातासमुद्रापार जाऊन लोकांना ते आईच्या मांडीपासून सांगत होता. दोघांमध्ये विरोध आहे असं मला वाटत नाही. आजोबांच्या काळात दार उघडणं हे काम होतं. पण दारातून आत कोण गेलं आणि बाहेर कोण राहिलं हा हिशेब उरतोच.

बाहेर बायका राहिल्या, हे स्पष्टच आहे. ‘चांगल्या घरच्या’ बाईने गाऊ नये, हा दंडक गायनशाळेने एकदम मोडला नाही. पलुसकरांनी पुष्कळ केलं, गाण्याला भजनाची प्रतिष्ठा दिली, बायकांना वर्गात घेतलं. तरी लग्नानंतर काय, हा प्रश्न होता तिथेच होता. आमच्या वरच्या मजल्यावर दांडिया बाजारातून आलेल्या एक काकू राहतात, घराणं बडोद्यात पाच पिढ्यांचं. त्यांच्या आई मुलींच्या शाळेत पेटी शिकलेल्या, बक्षीस मिळालेल्या. लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. काकू सांगतात, ‘आम्ही तिचं गाणं ऐकलं ते फक्त पाळण्याशी. पाळण्याशी गायला कुणाची ना नव्हती गं.’ माझ्या माहेरीही तेच. आजी जात्यावर गायची, पाळण्याशी गायची, आणि महावीर जयंतीला बस्तीत भगवंतांचा पाळणा म्हणायची. पाळण्याची दोरी हातात असली की आजीचा आवाज खणखणीत लागायचा. एरवी ती पुरुषांसमोर खाकरतही नसे. इथे गुजरातेत शेजारच्या श्वेतांबर बायका पर्युषणात तसाच पाळणा हलवतात. त्यांची स्वप्नं चौदा, आमची सोळा, पण दोरी ओढतानाचा हेल सारखाच.

म्हणजे बाईला एकच मैफल मोकळी होती आणि तिचा श्रोता झोपून जायचा. तरी ती मैफल शेकडो वर्षं अखंड चालली. ती बंद पडली ती आमच्या पिढीत, आणि कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. फोनवर गाणं लावलं की मूल झोपतं.

आता या वर्गाचा उपयोग होतो का, हेही विचारायला हवं, कारण आमच्या गटातल्या अर्ध्या पालकांना ‘मेंदू तल्लख होतो’ असं ऐकून यावंसं वाटलं. याचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. ‘नेचर’मध्ये तो छापून आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्झार्ट ऐकवलं आणि आकृत्यांच्या कोड्यांत त्यांचे गुण थोडे वाढले, तेही दहा-पंधरा मिनिटांपुरते. त्यात बाळ नव्हतं एकही! पण १९९८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला १,०५,००० डॉलर मागितले. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी थेट आमच्यासारख्याच वर्गाची परीक्षा घेतली. चार वर्षांची मुलं आणि पालक, सहा आठवडे, पंचेचाळीस मिनिटांचे तास. बुद्धी वाढल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका बाबांचा चेहरा पडला.

दुसरीकडे, कॅनडात २०१२ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. सहा महिन्यांची बाळं, सहा महिने दर आठवड्याला वर्ग. एका गटात पालक आणि बाळं मिळून गायची, तीच गाणी पालकांनी घरी रोज म्हणायची. दुसऱ्या गटात संगीत नुसतं मागे वाजत राहायचं आणि बाळं खेळायची. पहिल्या गटातली बाळं बोट दाखवणं, टाटा करणं असे इशारे लवकर करू लागली आणि कमी चिडत. मूल हुशार झालं असं नाही, माणसाकडे वळलं. टोरोंटोच्या संशोधक सँड्रा ट्रेहब यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखवली आहे: सहा महिन्यांच्या बाळापुढे आई बोलतानाची आणि आई गातानाची चित्रफीत ठेवली, तर बाळ गाणाऱ्या आईकडे जास्त वेळ टक लावून बघतं. आईचा आवाज गोड असायची अट नाही. माझ्यासारखीला हा मोठाच आधार.

आमच्या बेळगाव भागातल्या लोकांना हे पचायला जड जातं. गुणगुणणारं मूल दिसलं की आम्हाला लगेच सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतात, जे सात-आठव्या वर्षी थोर गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणत. मावशी फोनवर विचारते, ‘पोरगी काय काय म्हणून दाखवते?’ काहीच म्हणून दाखवत नाही, मावशी. डबी हलवते.

सातव्या शनिवारी बेननी सांगितलं की पुढच्या वेळी प्रत्येकाने आपल्या घरचं एक अंगाईगीत आणायचं. आपल्या आजीचं, सिनेमातलं नको. गोलात एकदम शांतता. नऊ घरं, भाषा पाच. पुढच्या शनिवारी एक सिंधी आजी न लाजता गायल्या, सौराष्ट्रातल्या एका वहिनींनी सुंदर हालरडं म्हटलं. बाकी आम्ही सगळे चाचपडत होतो. एका बाबांना आपली आई काय म्हणायची ते आठवत होतं, पण फक्त चाल, शब्द नाहीत. ते नुसते हूं हूं करत गायले आणि त्यांचा मुलगा त्यांच्याकडे असा बघत राहिला की आम्ही सगळेच जरा गप्प झालो.

मी आईला फोन लावला होता. आजीचा पाळणा तिला येत होता, पण सोळा कडव्यांतली सहाच. मधलं एक कडवं अर्धं कानडीत आहे आणि त्याचा अर्थ तिलाही लागत नाही. ‘अर्थ कशाला लागतोय? पोरगी काय परीक्षा घेणार आहे व्हय?’ असं म्हणून ती गायली. फोनवर, भर दुपारी, बाबा शेजारी पेपर वाचत बसलेले असताना. ते काही बोलले नाहीत. मग मागून त्यांचा आवाज आला, ‘ते पाचवं आधी येतं.’ चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हे पाठ असल्याचं आईला माहीत नव्हतं.

वर्गात मी ती सहा कडवी म्हटली. बेन मूळच्या भातखंडे पद्धतीत शिकलेल्या, त्यांनी वहीत स्वर मांडायला घेतले. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत म्हणायला लावलं. माझा गंधार दर वेळी वेगळ्या जागी पडत होता. ‘कयो साचो?’ त्यांनी विचारलं. कुठला खरा? मी आईचा आवाज ऐकवला, तर तिचा तिसऱ्याच जागी. शेवटी बेननी पेन्सिलीने तिन्ही लिहून ठेवले आणि खाली तारीख घातली.

लेकीचे शब्द आता एकोणीस आहेत. त्यातला एक ‘जो’ आहे. तो ती पाळण्याला म्हणत नाही, दिवा मालवायचा असला की म्हणते. उरलेली दहा कडवी चिकोडीच्या मावशीला येतात असं आई म्हणते. मावशीला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा दिवाळीत जाऊन समोर बसून लिहून घ्यावी लागतील.